मूल छावणीत, जीव घरात: लष्करी प्रशिक्षणाच्या काळात पालकांना पालकांचाच आधार

कुंभकोणम (तमिळनाडू) : सैन्यभरतीच्या निवड यादीत मुलाचे नाव झळकते त्या दिवशी घर आनंदाने भरून जाते. शेजारीपाजारी येतात, गोडधोड वाटले जाते, देवळात अभिषेक होतो. काही आठवड्यांनी तोच मुलगा पत्र्याची ट्रंक घेऊन रेल्वेगाडीत बसतो आणि घरात एक वेगळीच शांतता उतरते. दिवसातून दहा वेळा वाजणारा त्याचा फोन बंद असतो. तो कोठे झोपला, काय जेवला, पाय सुजले तर कोणाला सांगितले, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर आई-वडिलांना लगेच मिळत नाही. ही शांतता काही आठवडे, कधी काही महिने टिकते. या काळात पालकांना सर्वाधिक धीर मिळतो तो त्याच परिस्थितीतून जाणाऱ्या दुसऱ्या पालकांकडून.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली आणि सैनिकांच्या भरतीचे स्वरूप बदलले. साडेसतरा ते एकवीस हे भरतीचे वय ठरले. म्हणजेच, यांतील काही मुले कायद्याने सज्ञानही झालेली नसतात. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या उमेदवाराच्या नावनोंदणी अर्जावर आई-वडिलांची किंवा पालकाची स्वाक्षरी लागते. ज्या हाताने शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही केली, त्याच हाताने दोन-तीन वर्षांत लष्कराच्या अर्जावर सही करावी लागते. त्या सहीनंतरच्या काळात पालकांनी काय करावे, काय टाळावे आणि एकमेकांना कसे सांभाळावे, हे समजून घेण्यासाठी आधी प्रशिक्षणाची रचना पाहणे आवश्यक आहे.

प्रशिक्षणात नेमके काय घडते?

भूदलातील अग्निवीरांची पहिली तुकडी १ जानेवारी २०२३ रोजी देशभरातील प्रशिक्षण केंद्रांत दाखल झाली. पायदळाच्या शिपायासाठी हे प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे आहे. त्यांतील पहिले १० आठवडे मूलभूत लष्करी शिक्षणाचे आणि उरलेले २१ आठवडे प्रगत शिक्षणाचे असतात. पहाटे उठणे, धावणे, कवायत, शस्त्राची ओळख, नेमबाजी, नकाशावाचन, रात्रीचे सराव अशा क्रमाने ते पुढे सरकते. नौदलाच्या अग्निवीरांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील आयएनएस चिल्का येथे होते. तेथील पहिल्या तुकडीचे दीक्षांत संचलन २८ मार्च २०२३ रोजी सूर्यास्तानंतर झाले. त्या सुमारे २,६०० प्रशिक्षणार्थींमध्ये २७० हून अधिक तरुणी होत्या. वायुदलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल बेळगावजवळच्या सांबरा येथे आहे.

सुरुवातीच्या आठवड्यांत घराशी संपर्क मर्यादित ठेवला जातो. मोबाइल वापराचे नियम केंद्रागणिक वेगळे असले, तरी त्यांमागचा हेतू एकच असतो. नव्या दिनचर्येत मुलाने पूर्णपणे मिसळावे, अडचण आली की घरी फोन करण्याऐवजी शेजारच्या खाटेवरील सोबत्याकडे किंवा प्रशिक्षकाकडे वळावे, ही त्यामागची अपेक्षा आहे. संकटाच्या वेळी ज्या माणसावर विसंबायचे, तो माणूस आधी ओळखीचा व्हावा लागतो. सैन्याच्या दृष्टीने तुकडीची बांधणी येथूनच सुरू होते. घराच्या दृष्टीने मात्र याच आठवड्यांत काळजी सर्वाधिक वाढते. मुलाला नव्या ठिकाणी आधार मिळावा यासाठी जी व्यवस्था असते, तीच पालकांना तात्पुरते आधाराविना ठेवते. त्यांच्यासाठी तशी तुकडी कोणी बांधून देत नाही. ती त्यांनाच बांधावी लागते.

कावेरीकाठाहून निलगिरीवर

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील कावेरी आणि अरसलार या नद्यांमधले देवळांचे शहर. मराठी वाचकांना ते परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच शहरातील मराठी कुटुंबात झाला. या भागातील उमेदवारांची भूदलातील भरती तिरुचिरापल्लीच्या सैन्य भरती कार्यालयाच्या कक्षेत येते. निवड झाल्यावर कोणाला निलगिरीतील वेलिंग्टन येथील मद्रास रेजिमेंटच्या केंद्रात, कोणाला बेंगळुरूच्या मद्रास सॅपर्सच्या केंद्रात, तर कोणाला उत्तरेकडील एखाद्या तोफखाना किंवा पुरवठा दलाच्या केंद्रात जावे लागते. १७५८ मध्ये उभी राहिलेली मद्रास रेजिमेंट ही भारतीय पायदळातील सर्वांत जुनी रेजिमेंट मानली जाते.

कुंभकोणम समुद्रसपाटीपासून जेमतेम २५ मीटर उंचीवर आहे, तर वेलिंग्टन सुमारे १,८५० मीटरवर. ज्या मुलाने आयुष्यात कधी स्वेटर घातला नाही, तो निलगिरीच्या गारठ्यात पहाटे मैदानावर उभा राहतो. त्याच्या आईला पहिली काळजी थंडीची वाटते आणि ती स्वाभाविक आहे. या काळजीवर केंद्राच्या पत्रकापेक्षा चांगला उतारा म्हणजे मागच्या वर्षी मुलाला तेथेच पाठविलेली दुसरी आई. लोकरीचे मोजे किती द्यावेत, तेथे काय मिळते, सोबत दिलेल्या कोणत्या वस्तू परत येतात, पहिला फोन साधारण कधी येतो, ही माहिती तिच्याकडे अनुभवाची असते. सरकारी सूचनापत्र काय आणावे ते सांगते. अनुभवी पालक कशाची चिंता सोडून द्यावी तेही सांगतो.

दुसरी काळजी भाषेची. तमिळनाडूच्या सरकारी शाळांत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी असे द्विभाषा धोरण आहे. त्यामुळे खेड्यापाड्यांतील अनेक मुलांचा हिंदीशी पहिला खरा परिचय लष्करातच होतो. भरतीची लेखी परीक्षा आता तमिळ आणि मराठीसह १३ भाषांत देता येते, परंतु कवायतीच्या मैदानावरील हुकूम आणि बराकीतील रोजचा व्यवहार हिंदीत चालतो. सातारा किंवा कोल्हापूरच्या पालकाला हा प्रश्न सुचणारही नाही; तंजावरच्या पालकाला मात्र तो रात्री जागवतो. वेलिंग्टनसारख्या केंद्रात दक्षिणेतील प्रशिक्षक आणि सोबती मोठ्या संख्येने असल्याने ही अडचण तुलनेने लवकर सुटते. मद्रास सॅपर्सच्या जवानांना तर सैन्यात प्रेमाने ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, असेच संबोधले जाते. उत्तरेकडे गेलेल्या मुलाच्या घरी ही गोष्ट कोणीतरी समजावून सांगावी लागते. काही महिन्यांत मूल हिंदी बोलू लागते, हे ज्याच्या घरात घडले आहे त्यानेच सांगितले तर पटते.

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर स्वामीमलै आहे. मुरुगन म्हणजेच कार्तिकेय, देवांचा सेनापती. त्याच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. येथील कथेनुसार बालमुरुगनाने प्रत्यक्ष पित्याला, शंकराला, प्रणवाचा अर्थ सांगितला आणि पित्याने शिष्य होऊन तो ऐकला. मूल सैन्यात गेले की आई-वडिलांनाही असेच काही नवे शिकावे लागते. आतापर्यंत मुलाला त्यांनी वाट दाखवली. आता तो अशा जगात आहे ज्याचे नियम त्याला ठाऊक आहेत आणि त्यांना नाहीत.

पालकांनी एकत्र येण्याचे मोल या शहराने फार वेगळ्या, अतिशय दुःखद प्रसंगातून जाणले आहे. १६ जुलै २००४ रोजी येथील एका शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्या आई-वडिलांनी एकमेकांच्या सोबतीने दहा वर्षे न्यायालयीन लढा पाहिला. २०१४ मध्ये निकाल लागला. त्या शोकाशी प्रशिक्षणाच्या काळजीची तुलना होऊ शकत नाही. तरीही, जे दुःख किंवा जी भीती इतरांना समजावून सांगता येत नाही, ती त्याच वाटेवरच्या माणसाला न सांगता कळते, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे.

गावेच जेथे आधारगट होती

पालकांनी परस्परांना आधार देण्याची रीत नवी नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत असताना गावाकडे येणारे पत्र बहुधा एखाद्या शिक्षित माणसाकडून वाचून घेतले जाई. पत्र एका घराचे असे, पण ऐकायला आळी जमे. कोणाच्या मुलाचे नाव पत्रात ओझरते आले, तरी त्या घरी निरोप पोहोचे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले आणि पुढे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला. कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळीची ओळखही अशीच आहे. तमिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यातील कम्मवनपेट्टै हे गाव सैनिकांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे.

अशा गावांत नव्याने भरती झालेल्या मुलाच्या आईला वेगळा आधारगट शोधावा लागत नाही. शेजारच्या घरातील आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असतात, समोरच्या घरातील काकूंनी पतीच्या बदल्या आणि दीर्घ विरह अनुभवलेले असतात. मुलाचा फोन आला नाही, तर ‘रात्रीचा सराव असेल’ असे सांगणारे कोणीतरी अंगणातच भेटते. परंतु अग्निपथ योजनेत भरती होणारी सर्वच मुले अशा गावांतील नसतात. शहरातील चहाच्या दुकानदाराचा, शेतमजुराचा किंवा विणकराचा मुलगा जेव्हा घराण्यातून पहिल्यांदाच सैन्यात जातो, तेव्हा त्या घराजवळ हा वारसा नसतो. त्यांच्यासाठी भरतीच्या दिवशी मैदानाबाहेर भेटलेले, रेल्वे फलाटावर ओळख झालेले किंवा एकाच तुकडीतील मुलांमुळे जोडले गेलेले पालक हाच नवा गाव ठरतो.

जगातील इतर देशांनीही या गरजेची दखल वेगवेगळ्या प्रकारे घेतली आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे सैनिकांच्या मातांनी ‘ब्लू स्टार मदर्स’ ही संघटना स्थापन केली. ती आजही कार्यरत आहे. सिंगापूरमध्ये १९६७ पासून तरुणांना सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी लागते आणि तेथे मोठ्या संख्येने राहणाऱ्या तमिळ कुटुंबांनाही ती चुकत नाही. तेथे दाखल होण्याच्या दिवशी पालक मुलासोबत बोटीने टेकाँग बेटावरील प्रशिक्षण केंद्रात जातात, त्याची खाट पाहतात, भोजनगृहात त्याच्यासोबत जेवतात आणि मग परततात. मूल कोठे राहणार हे डोळ्यांनी पाहिले की निम्मी भीती ओसरते, हा साधा विचार त्यामागे आहे. भारतात विस्तार आणि संख्या पाहता हे सर्वत्र शक्य नाही. आपल्याकडे पालकांना केंद्राचे दार बहुधा प्रशिक्षणाच्या अखेरीस, कसम परेडच्या दिवशी उघडते.

पालकगटाने काय करावे, काय टाळावे?

आज असे गट प्रामुख्याने व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात. त्यांचा पहिला उपयोग माहितीचा. एका मुलाचा फोन आला की तुकडी ठीक आहे, एवढे साऱ्यांना कळते. दुसरा उपयोग प्रवासाचा. कसम परेडची तारीख कळल्यावर कुंभकोणमहून कोईमतूर किंवा मेट्टुपाळयमपर्यंत रेल्वेने जाणे, पुढे घाट चढणे, कुन्नूरला राहण्याची सोय करणे हे चार कुटुंबांनी मिळून केले तर खर्च वाटला जातो. जी आई एकटीने जिल्ह्याबाहेर कधी गेली नाही, तिलाही जाता येते. तिसरा उपयोग शब्दांपलीकडचा आहे. पहिल्या तुकडीची मुले जानेवारीच्या आरंभी दाखल झाली आणि दोन आठवड्यांतच पोंगल आला. सणाच्या दिवशी रिकाम्या राहिलेल्या ताटाची आठवण कोणाला बोलून दाखवायची, तर ज्याच्या घरी तसेच ताट रिकामे आहे त्यालाच.

या गटांना काही मर्यादा पाळाव्याच लागतात. पहिली मर्यादा गोपनीयतेची. भूदलाने जुलै २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना फेसबुकसह ८९ अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकण्याचे आदेश दिले होते. मुलावर जे बंधन आहे, ते पालकाच्या फोनमधून मोडले जाऊ नये. छावणीतील छायाचित्रे, तुकडीची संख्या, सरावाची जागा किंवा पुढील नियुक्तीचे ठिकाण गटात टाकणे टाळणे, हेच मुलांच्या हिताचे आहे.

दुसरी मर्यादा अफवेची. प्रशिक्षणाच्या ठिकाणी अपघात झाल्याची वार्ता गटात आली की क्षणात शंभर घरांचे काळीज थांबते. अशी वार्ता पुढे पाठविण्याआधी केंद्राने दाखल होताना दिलेल्या क्रमांकावर एकाच पालकाने चौकशी करावी आणि मिळालेले उत्तर सर्वांना कळवावे, ही पद्धत अनेक अनर्थ टाळते. तिसरी बाब फसवणुकीची. ‘तुमचा मुलगा रुग्णालयात आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ किंवा ‘चांगल्या ठिकाणी नेमणूक करून देतो’ असे फोन नेमके अशाच घरांना केले जातात, कारण मुलाला विचारून खात्री करण्याची सोय तेथे नसते. सैन्यातील जखमी जवानाचा उपचार सरकारी खर्चाने होतो. त्यासाठी पालकांकडे पैसे मागितले जात नाहीत. असा फोन आल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करता येते.

मन फारच खचले असेल, झोप उडाली असेल, तर शेजाऱ्याचा धीर पुरा पडत नाही. ‘टेलिमानस’ या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे तमिळ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या सेवेचा सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी स्वतंत्र विभाग सुरू करण्यात आला.

कठीण प्रश्न

धोका नाही, असे सांगून पालकांची समजूत काढता येत नाही आणि काढूही नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकजवळच्या देवळाली येथे तोफेच्या सरावादरम्यान गोळा फुटून दोन अग्निवीरांचा मृत्यू झाला. अग्निवीरांसाठी ४८ लाख रुपयांचे विमाकवच असून त्याचा हप्ता त्यांना भरावा लागत नाही. सेवेशी निगडित कारणाने मृत्यू झाल्यास ४४ लाख रुपयांच्या अतिरिक्त सानुग्रह रकमेची, तसेच अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणानुसार मदतीची तरतूद आहे. या तरतुदी प्रत्येक पालकाने शांत मनाने आधीच वाचून ठेवाव्यात. संकटाच्या दिवशी कागद समजत नाहीत.

त्याहून अधिक वेळा घडणारी आणि त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट वेगळीच आहे. एखाद्या मुलाचा पाय मुरगळतो, ताप लांबतो किंवा तो एखाद्या चाचणीत मागे पडतो. त्याला मागच्या तुकडीत बसविले जाते. त्याची कसम परेड पुढे ढकलली जाते. सोबतच्या पालकांनी रेल्वेची तिकिटे काढलेली असतात आणि हे एक कुटुंब गटातून हळूच नाहीसे होते. कोणी हिणवलेले नसते. त्यांनाच संकोच वाटलेला असतो. पालकगटाची खरी परीक्षा येथे होते. मागे राहिलेला मुलगा अपात्र ठरलेला नसतो, त्याला आणखी काही आठवडे लागणार असतात, एवढेच. परंतु हे वाक्य त्याच्या वडिलांना स्वतःशी म्हणता येत नाही. ज्याचा मुलगा पुढे गेला आहे, त्याने फोन करून ते म्हणावे लागते.

‘घरी ये’ असे मुलाला सांगावे का, हा आणखी एक प्रश्न. पहिल्या आठवड्यांत फोनवर रडणारा मुलगा ऐकून अनेकांच्या तोंडी ते येते. नियमानुसार अग्निवीराला स्वतःच्या इच्छेने मुदतीपूर्वी सेवा सोडता येत नाही. केवळ अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीने तशी परवानगी मिळू शकते. स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्यास सेवानिधीतील केवळ स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही. म्हणून त्या क्षणी निर्णय देण्यापेक्षा ऐकून घेणे आणि ‘पुढच्या रविवारी पुन्हा बोलू’ असे म्हणणे अधिक उपयोगाचे असते. मात्र मारहाण, छळ किंवा आजारपण दडविले जात असल्याची शंका आली, तर धीर धरण्याचा सल्ला लागू होत नाही. तेव्हा केंद्राच्या अधिकाऱ्यांशी लेखी संपर्क साधावा आणि त्यासाठी जिल्ह्यातील माजी सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे.

चार वर्षांनंतर

अग्निवीराची सेवा प्रशिक्षणासह चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये वेतन असून त्यांतील ९,००० रुपये सेवानिधीत जमा होतात आणि २१,००० रुपये हाती येतात. चौथ्या वर्षी वेतन ४०,००० रुपये होते. सरकारही सेवानिधीत तेवढीच भर घालते आणि मुदतीअखेर सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात. त्यानंतर प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात. उरलेल्यांना घरी परतावे लागते. निवृत्तिवेतन त्यांना लागू नाही. म्हणजेच, प्रशिक्षणाच्या काळात खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली मुले चार वर्षांनी एकाच थोड्या जागांसाठी स्पर्धक होतात आणि त्यांचे पालकही नकळत तसेच होऊ शकतात. प्रशिक्षणाच्या काळात जोडलेली माणसे तेव्हाही टिकली, तर परतलेल्या मुलाच्या पुढच्या शिक्षणाची किंवा नोकरीची माहिती त्याच वाटेने फिरू शकेल.

कसम परेडच्या दिवशी प्रशिक्षणार्थी राष्ट्रध्वज आणि पवित्र ग्रंथ यांच्या साक्षीने शपथ घेतात. अनेक केंद्रांत त्यानंतर पालकांना ‘गौरव पदक’ देऊन सन्मानित केले जाते. सात-आठ महिन्यांपूर्वी फलाटावर निरोप दिलेला मुलगा एकसारख्या गणवेशातील शेकडो मुलांत चटकन ओळखू येत नाही. रंग रापलेला असतो, केस कापलेले असतात, चाल बदललेली असते. अशा वेळी शेजारी बसलेली दुसरी आई बोट दाखवून सांगते, ‘तो बघा, तिसऱ्या रांगेत, तुमचाच.’